मोती, वाघ्या आणि उरलेले ११० मीटर

दिवस पहिला, शुक्रवार

संक्रांतीच्या आठवड्यातला शुक्रवार होता आणि एडिनबरामधून निघेपर्यंत साडेपाच वाजलेच, म्हणजे जानेवारीत इथे पार काळोख. मागच्या सीटवर मोती आणि वाघ्या आपापल्या पट्ट्यांत बांधलेले, डिकीत बुटांची पिशवी, स्पाइक्स, कुत्र्यांचे कोट, चार टॉवेल, आणि माझ्या सॅकच्या वरच्या कप्प्यात आईच्या पद्धतीने केलेल्या गुळपोळ्या आणि तिळाच्या वड्या. धाकटा भाऊ डंडीला शिकतो, त्याला वाटेत पर्थ स्टेशनवरून उचललं. गाडीत बसल्या बसल्या त्याने आधी दोन्ही कुत्र्यांना मिठी मारली आणि मग मला विचारलं, "ताई, उद्या नक्की ना? दाजी, हवामान काय म्हणतंय?"

आधी या दोघांबद्दल सांगते. मोती नऊ वर्षांचा काळा लॅब्रॅडॉर, दोन वर्षांचा असताना आमच्याकडे आला, आजोबांच्या वाड्यातल्या कुत्र्याचं नाव मोती म्हणून हाही मोती. वाघ्या तीन वर्षांचा बॉर्डर कोली, काळा पांढरा, भरपूर केसांचा. त्याचं नाव आईने व्हिडिओ कॉलवर ठेवलं, कुलस्वामी खंडोबा म्हटल्यावर दुसरं नाव सुचणारच नव्हतं तिला. मोती शांत, पाणी दिसलं की मात्र स्वतःला विसरतो. वाघ्या सतत मोजत असतो, आपण चारजण चालत असलो तर शेवटच्यापर्यंत मागे जाऊन सगळे आहेत ना बघून परत पुढे, त्यामुळे आपण दहा किलोमीटर चाललो तर तो वीस तरी चालतो.

पर्थनंतर ए नाइन रस्ता उत्तरेला वर चढत जातो. पिटलॉक्री गेलं की गावं विरळ होतात आणि मग येते ड्रमॉख्टरची खिंड, साधारण ४६० मीटरवर. बर्फ फार झाला तर इथे गेट लावून रस्ताच बंद करतात. त्या रात्री मीठ टाकणारी गाडी आमच्या पुढेच होती, तिच्या मागे मागे सावकाश गेलो. हेडलाइटच्या उजेडात रस्त्याच्या कडेला हरणं उभी दिसत होती, डोंगरावर चरायला काही उरलं नाही की ती खाली उतरतात. पावणेनऊला एव्हीमोरला पोचलो, भाड्याच्या छोट्या घरात सामान टाकलं, खिचडी लावली.

आणि मग फोन घेऊन बसलो, कारण इथल्या हिवाळ्यात डोंगराची सुरुवात आदल्या रात्रीच होते. स्कॉटलंडमध्ये हिमस्खलनाचा अंदाज देणारी सरकारी पैशावर चालणारी सेवा आहे, हिवाळाभर रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवसाचा अंदाज देते, कुठल्या दिशेच्या उतारावर, किती उंचीवर, किती धोका, सगळं चक्रावर रंगवून. केर्नगॉर्म डोंगररांगेच्या उत्तर भागासाठी वरच्या उतारांवर पाचपैकी तीन. वारा नैऋत्येचा, माथ्यावर ताशी ६५ किलोमीटर, तापमान उणे ४, म्हणजे अंगाला लागणार उणे १४-१५ सारखं. भावाच्या डोक्यात केर्नगॉर्म शिखर होतं, १२४५ मीटर. नवरा म्हणाला, "ते उद्या नाही. कुत्रे बरोबर असताना तर नाहीच." शेवटी ठरलं म्यॉल अ वूअखिल्य, ८१० मीटर, त्याच्या समोरचाच, जंगलातून चढणारी नीट वाट आणि खाली आसऱ्याला बोथी, म्हणजे उघडी दगडी झोपडी. गेलिक भाषेतल्या त्या नावाचा अर्थ गुराख्याचा डोंगर, वाघ्याच्या जातीला शोभेल असा.

आपल्याकडच्या लोकांना आकडे ऐकून हे डोंगर किरकोळ वाटतात, ते साहजिक आहे. ब्रिटनमधला सगळ्यात उंच बेन नेविस १३४५ मीटर, आपलं कळसूबाई १६४६. पण इथला अक्षांश ५७ च्या आसपास आहे आणि अटलांटिकचा वारा थेट अंगावर येतो. केर्नगॉर्मच्या माथ्यावर २० मार्च १९८६ ला ताशी १७३ मैलांचा झोत नोंदला गेला, म्हणजे जवळजवळ २७८ किलोमीटर. उंची बघून या डोंगरांचा अंदाज बांधू नये, हे मी इथे नऊ वर्षांत शिकले.

दिवस दुसरा, शनिवार

उजाडलं साडेआठनंतर. दिवस जेमतेम साडेसात तासांचा, चार-सव्वाचारला परत अंधार, त्यामुळे उजेडाचा एक मिनिट वाया घालवायचा नाही. निघायच्या आधी वाघ्याला किचनमध्ये आडवा करून त्याच्या बोटांमधले केस कापले आणि पंजांना मेण चोळलं. लांब केसांच्या कुत्र्यांचं हे करावंच लागतं. बर्फ पायाच्या उबेने किंचित वितळतो, केसांना चिकटतो, परत गोठतो, आणि बोटांमध्ये सुपारीएवढ्या गोळ्या तयार होतात. आपल्या बुटात खडा गेल्यावर जसं होतं तसंच ते, फक्त सोळा बोटांत.

सव्वानऊला ग्लेनमोरच्या गाडीतळावर. समोर लॉख मॉर्लिख, काठाने गोठलेलं, पलीकडे केर्नगॉर्मची उत्तरेकडची रांग पोटापर्यंत ढगात. दोघांनाही पट्टे लावले. पट्टे लावायची कारणं इथे बरीच आहेत. एक म्हणजे या डोंगरांवर रेनडिअर मोकळे फिरतात. जुन्या काळी नामशेष झालेले, ते १९५२ मध्ये मिकेल उत्सी नावाच्या स्वीडनमधल्या सामी माणसाने परत आणले, आणि आज त्यांचा कळप केर्नगॉर्मवर हिवाळाभर आरामात राहतो. दुसरं म्हणजे जंगलातले पक्षी, कॅपरकेली तर इतका दुर्मिळ झालाय की कुत्र्याने एकदा उडवला तरी थंडीत त्याची शक्ती फुकट जाते. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने जवळपास कुठल्याही डोंगरावर, माळावर चालायचा हक्क सगळ्यांना आहे, जमीन कोणाची का असेना, आणि त्यातच लिहिलंय की कुत्रा तुमच्या ताब्यात हवा. मला हा कायदा फार आवडतो. कुंपणाशी थांबून कोणाची परवानगी मागावी लागत नाही, वागायचं कसं एवढंच बघायचं.

सुरुवातीचे तीनेक किलोमीटर अगदी सोपे, रुंद वाट, दोन्ही बाजूला जुने स्कॉट्स पाइन, लालसर खोडांचे, फांद्यांवर बर्फ. मग दरी अरुंद होते, दोन्हीकडून दगडांचे उतार खाली येतात, आणि उजव्या हाताला अन लोखन उआन्य, हिरवं तळं. खरोखर हिरवं आहे. पऱ्या इथे आपले हिरवे कपडे धुतात म्हणून पाणी हिरवं, अशी दंतकथा. जानेवारीत बराचसा भाग गोठलेला, फक्त एका कडेला उघडं पाणी आणि त्यात तो रंग, बाटलीच्या काचेसारखा. गोठलेल्या तळ्यावर कुत्रा कधीही सोडू नये, आणि तो गेलाच आणि बर्फ फुटला तर आपण त्याच्या मागे जाऊ नये. कुत्रा बऱ्याचदा स्वतःचा बाहेर येतो, माणूस येत नाही.

इथे माझ्याकडून चूक झाली, आणि पुढचं सगळं त्या चुकीवरून आलं म्हणून नीट सांगते. मोतीचा पट्टा माझ्या हातात होता. फोटो काढायला मी हातमोजा काढला आणि पट्टा मनगटावर सैल टाकला. तेवढ्यात तो त्या उघड्या पाण्यात शिरला. फार खोल नाही, पोटापर्यंत, दोन सेकंद, आणि हाक मारल्यावर लगेच बाहेर आला, शेपटी हलवत, आनंदात. टॉवेलने पुसला, कोट घातला. मला वाटलं झालं. लॅब्रॅडॉरचे केस दाट, पाणी झटकतात, हे खरं आहे, पण पोटाखालचे केस ओलेच राहिले होते आणि कोट पोटाला पूर्ण झाकत नव्हता.

साडेदहाला रायव्होन बोथी. बोथी म्हणजे डोंगरातली दगडी झोपडी, कुलूप नाही, भाडं नाही, वीज नाही, पाणी ओढ्याचं, कोणीही यावं, राहावं, झाडून निघावं. अशा शंभरेक झोपड्या १९६५ मध्ये सुरू झालेली एक स्वयंसेवी संस्था सांभाळते. आपल्याकडे गडावरच्या देवळात रात्रीचा मुक्काम करतो ना, तीच भावना आत गेल्यावर येते. आत एक वयस्कर जोडपं चहा पीत होतं, पायाशी त्यांचा छोटा टेरियर. मी वड्यांचा डबा पुढे केला, संक्रांतीचं थोडक्यात सांगितलं, तिळगुळ घ्या गोड बोला याचा अर्थ सांगितल्यावर आजी म्हणाल्या की हे आमच्याकडेही सुरू करायला हवं. आजोबांनी खिडकीतून वर बघितलं. "जानेवारीत आम्ही इथपर्यंतच येतो आता," ते म्हणाले, "वर खांद्यावर गेलात की वारा भेटेल, इथे कळत नाही."

बोथीच्या मागूनच डावीकडे चढ लागतो. पूर्वेकडच्या सोंडेवरून वाट चढते आणि वारा पलीकडून, त्यामुळे पहिले दोनेकशे मीटर आम्ही अगदी आडोशात होतो, जॅकेटची चेन उघडायची वेळ आली. बर्फ आधी घोट्यापर्यंत, मग कुठे कुठे गुडघ्यापर्यंत. मधेमधे वाटेवरच्या पायऱ्यांचे दगड निळसर बर्फाने मढलेले, तिथे बुटांना स्पाइक्स लावले. कुत्र्याचा पट्टा अशा उतारावर कमरेला बांधायचा नाही, हातातच धरायचा, तो घसरला किंवा आपण घसरलो तर सोडता आला पाहिजे. खाली ॲबरनेथीचं जंगल लांबवर पसरलेलं, पूर्वेला बिनॅक मोर नावाचा डोंगर पांढराशुभ्र. एक पांढरा डोंगरी ससा आमच्यापासून वीस पावलांवर बसलेला होता, फक्त कानांची टोकं काळी, म्हणून दिसला. वाघ्या थरथरत बघत राहिला, पण बस म्हटल्यावर बसला. मला त्याचा इतका अभिमान वाटला त्या क्षणी.

भाऊ चालता चालता म्हणाला, "ताई, पाचनईचा तो तांबडा कुत्रा आठवतो?" न आठवायला काय. हरिश्चंद्रगडाला आम्ही गेलो की पायथ्याच्या गावातून एखादा कुत्रा न बोलावता बरोबर निघायचा, प्रत्येक वळणावर थांबून आपली वाट बघायचा, रात्री गुहेच्या तोंडाशी झोपायचा आणि सकाळी भाकरी खाऊन दुसऱ्या ग्रुपबरोबर खाली. राजगडला गुंजवण्यातूनही तसंच. त्या कुत्र्याला डोंगर आपल्यापेक्षा जास्त माहीत असतो, त्याला नको वाटलं तर तो येणारच नाही, ते त्याचं घर आहे. मोती आणि वाघ्याचं तसं नाही. आम्ही त्यांना गाडीत घालून इथे आणलं. आम्ही वर चाललो म्हणून ते वर चालले, आणि लॅब्रॅडॉर असो नाहीतर कोली, माणूस पुढे चालत असेल तर तो कधीच नको म्हणत नाही. पाय सोलले तरी येईल.

साधारण सातशे मीटरवर सोंड बोथट होते आणि खांदा लागतो. तिथे पहिलं पाऊल टाकलं आणि वारा भेटला. आजोबांनी सांगितलं होतं तसाच, एका पावलाचा फरक. जमिनीवरचा भुरभुरीत बर्फ उडून साबुदाण्यासारखा तोंडावर मारा करत होता, गॉगल लावूनही मान खाली घालावी लागत होती. खडकांमागून लाल ग्राउज पक्षी उडाले, त्यांचा तो घोगरा आवाज, इथले लोक म्हणतात ते "गो बॅक, गो बॅक" ओरडतात, आणि खरंच तसंच ऐकू येतं. वाघ्या कुत्र्यांच्या उंचीवर चालत होता, म्हणजे उडणारा बर्फ सगळा त्याच्या डोळ्यांत. शंभरेक पावलं गेल्यावर तो खाली बसून पुढचा पंजा चावायला लागला, मेण लावूनही गोळ्या झाल्या होत्याच. मी वाकले त्याचे पंजे बघायला, आणि मागे वळून बघितलं तर मोती उभा होता. पाठ गोल केलेली, शेपटी पायांत, मागचे पाय थरथरत होते. पोटाखालच्या ओल्या केसांना बर्फाची झालर लागली होती.

नवऱ्याने एका शब्दाची वाट बघितली नाही, सॅकमधून ग्रुप शेल्टर काढलं. हे म्हणजे मोठी नायलॉनची पिशवीच, डोक्यावरून ओढून घ्यायची आणि कडेवर बसायचं, चौघांसाठीचं चारशे-पाचशे ग्रॅमचं ओझं असेल नसेल. हिवाळ्यात आमच्याकडे ते नेहमी असतं आणि माझं कळकळीचं सांगणं आहे की प्रत्येकाकडे असावं. आत गेल्यावर वाऱ्याचा आवाज तसाच, पण वारा नाही, आणि तीन माणसं दोन कुत्र्यांच्या श्वासाने पाच मिनिटांत ऊब येते. वाघ्याचे पंजे मी हाताच्या ओंजळीत धरून एकेक गोळी वितळवली, ओढून काढायच्या नाहीत, कातडी निघते. मोतीचं पोट कोरड्या टॉवेलने घासलं. भावाने न सांगता स्वतःचं जादा फ्लीस काढलं आणि मोतीच्या पुढच्या पायांत बाह्या घालून त्याला चढवलं, चेन पोटाखाली. मोतीला चीजचे तुकडे, आम्हाला गुळपोळी. उणे चारमध्येही गुळपोळी दातांनी तुटते, चॉकलेट दगड होतं.

दहा मिनिटांनी थरथर कमी झाली. तेव्हा भाऊ जीपीएस बघून म्हणाला, "ताई, ११० मीटरच राहिलंय. वर दगडांचा मोठा आडोसा आहे म्हणे. अर्धा तास. मी मोतीला उचलून नेतो वाटलं तर."

बत्तीस किलोचा कुत्रा तो. पण तो मनापासून म्हणत होता, नाशिकहून आलेला मुलगा, स्कॉटलंडचा पहिला हिवाळी डोंगर, मला त्याची घाई कळत होती. मी म्हटलं, "अरे, वरून पलीकडे उतरायचं तर अजून तासभर याच वाऱ्यात. तो आत्ता थरथरतोय हे बरं आहे. थरथरायचा थांबला आणि बसायला लागला, की मग आपल्या हातात काही राहत नाही." नवरा फक्त म्हणाला, "खाली." भाऊ गप्प झाला, मग त्याने मोतीच्या कानांवर हात ठेवले, गार होते. "चल खाली," तोही म्हणाला. बारा वाजून पाच मिनिटं झाली होती.

उतरताना खांद्यावरून आत आलो आणि वारा बंद, जसा दार लावल्यावर बंद होतो. पन्नास मीटर उतरल्यावर मोतीची शेपटी वर आली. बोथीपाशी दोघांना कोमट पाणी पाजलं, फ्लास्कमधलं, आणि सव्वादोनला गाडीत. तीन वाजता ढग जरा उचलला तेव्हा घराच्या खिडकीतून आमचा डोंगर दिसला, माथ्यावरून बर्फाचा धूर पूर्वेकडे वाहत होता. कोणीच काही बोललं नाही, पण भाऊ बराच वेळ बघत होता.

संध्याकाळी दोघांचे पाय कोमट पाण्याने धुतले, रस्त्यावरचं मीठ पंजांत राहिलं तर ते चाटतात आणि कातडीही भाजते. वाघ्याच्या एका बोटाला चीर होती, तिला मलम. मग खिचडीच परत, आणि गप्पा. भावाला मी शोधकुत्र्यांबद्दल सांगितलं. हॅमिश मॅकइन्स, ग्लेनको दरीतला मोठा गिर्यारोहक, त्याने स्वित्झर्लंडमध्ये हिमस्खलनातल्या माणसांना शोधणारे कुत्रे बघितले आणि १९६५ मध्ये इथे तशी संस्था सुरू केली. आज त्यातले बरेच कुत्रे कोलीच असतात. हवेतला माणसाचा वास पकडून रात्री, धुक्यात, बर्फात शोधतात, आणि त्यांना घेऊन जाणारी माणसं बिनपगारी, नोकरी सांभाळून, मध्यरात्री उठून जाणारी. डोंगरात अडकलात तर ९९९ ला फोन करून पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागायचं, त्याचे पैसे कोणी घेत नाही. भाऊ वाघ्याकडे बघून म्हणाला, "हा करेल हे." वाघ्या झोपेत पाय हलवत होता, ससा असणार स्वप्नात.

दिवस तिसरा, रविवार

वारा पडला. स्वच्छ निळं आकाश, उणे ७, आणि अर्थातच पहिला विचार तिघांच्याही मनात एकच आला. पण वाघ्याचं बोट दुखत होतं, मोती जिना उतरताना मागचा पाय जपत होता. त्यामुळे लॉख अन एलनला गेलो, एव्हीमोरपासून जवळच, तळ्याभोवती पाचेक किलोमीटरची सपाट वाट. नावाचा अर्थ बेटाचं तळं, आणि मधे बेटावर जुन्या किल्ल्याच्या पडक्या भिंती, पूर्वी त्यावर ऑस्प्रे हे शिकारी पक्षी घरटं करायचे. पाइनच्या शेंड्यांवर तुरेवाला टिट दिसला, ब्रिटनमध्ये हा पक्षी फक्त स्कॉटलंडमध्ये, छोटासा, डोक्यावर करवतीसारखा तुरा. लाल खारी दोन. सगळं तळं गोठलेलं आणि मधूनच बर्फाचा तो खोल आवाज, टाळ्यांसारखा नव्हे, कुठेतरी लांब पखवाजावर थाप पडल्यासारखा.

मोती भावाच्या हातात होता. मी मुद्दाम काही बोलले नाही. तो दर दहा मिनिटांनी थांबत होता, हातमोजा काढून मोतीचे चारही पंजे एकेक करून बघत होता, मग पोटाखाली हात घालून कोरडं आहे ना बघत होता, मग पुढे. अर्ध्या वाटेवर त्यानेच सांगितलं, "ताई, याला आता पुरे. तुम्ही दोघं वाघ्याला घेऊन फेरी पूर्ण करा, आम्ही आल्या वाटेने परत जातो." आम्ही तिघंच नाही, पाचही जण आल्या वाटेनेच परत गेलो.

अडीचला निघालो. ड्रमॉख्टरला सूर्य डोंगरामागे जात होता आणि बर्फ गुलाबी झाला होता. भाऊ मे महिन्यातल्या तारखा बघत होता, रात्री दहापर्यंत उजेड असतो तेव्हा, आणि मोती पट्टा लावून पर्थपर्यंत त्याच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला. स्टेशनला उतरताना त्याने फ्लीस परत नेलं नाही. "राहू दे त्याच्याकडेच," म्हणाला, "त्याला बाह्या बरोबर होतात."